गाय, गड आणि दोन इंची पावती

वाचकाचं पत्र

"सर, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. दिवसा उद्यमबागेत एका कारखान्यात नोकरी करतो. रात्री आम्ही चौघं मित्र मिळून गावच्या दूध संस्थांसाठी एक सॉफ्टवेअर करतोय. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट-एसएनएफ (फॅट आणि त्याशिवायचे घन पदार्थ), दर, दहा दिवसांचं बिल आणि शेतकऱ्याला द्यायची पावती, एवढंच. मराठी आणि कन्नड दोन्हींत चालतं. कोड जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली ठेवलाय, कुणीही घ्यावा. आसपासच्या दोन-तीन गावांत वापर सुरूही झालाय.

गाडी अडली ती लोगोवर. एकाला गाय पाहिजे. एकाला येळ्ळूरचा राजहंसगड आणि त्यावर भगवा पाहिजे, नाहीतर थेट महाराजच. माझ्या मामाच्या मुलाचं खडेबाजारात फ्लेक्सचं दुकान आहे, त्यानं कोरलड्रॉमध्ये फुकटात चार नमुने करून दिले, सोबत जोडलेत. एक म्हणतो एआयकडून करून घेऊ, एक म्हणतो पाच हजारांचं बक्षीस लावून स्पर्धा घेऊ. ग्रुपवर मतदान घेतलं तर दोन-दोन. शेवटी भगव्यावरून शब्दाला शब्द लागला आणि आमचा कन्नड मित्र ग्रुप सोडून गेला. तो बेंगळुरूला असतो, पावती छापायचा सगळा भाग त्यानंच लिहिलाय. काय तर करून हे संपवायला पायजे. तुम्हीच एक निवडून द्या."

उत्तर

तुमचे नमुने आले तसे मी ते फोनवर बघत बसलो नाही. काळ्या-पांढऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढे करून कागदावर काढले. पहिल्यात गाय आहे की ढग, कळेना. दुसऱ्यात गडाचा नुसता काळा डाग झाला आणि झेंडा गायब. थेंब आणि पान एकत्र केलेला तिसरा नमुना बरा उमटला, पण तो कुठल्यातरी आयुर्वेदिक साबणाचा वाटतो. चौथ्यातली तिरकी किटली मात्र किटलीच दिसली.

निकाल एवढ्यावर देऊन टाकता आला असता. पण तुमचं भांडण नुसतं चित्रावरून असतं तर मित्र ग्रुप सोडून गेला नसता, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमचं सॉफ्टवेअर माणसं बघणार कुठं? सचिव संगणकावर बघेल, एखादा होतकरू पोरगा गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, बघेल. दूध घालणारा शेतकरी मात्र ते बघणार फक्त पावतीवर, रोज दोनदा. तुमच्या लोगोचं घर तिथं आहे, आणि ते घर फार लहान आहे.

डेअरीतला तो छोटा थर्मल प्रिंटर ५८ मिलिमीटर रुंदीचा रोल घेतो. त्यातली छापायची रुंदी ४८ मिलिमीटर. मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे आडव्या ओळीत ३८४ ठिपके. शाई नाही, रंग नाही, करडासुद्धा नाही. ठिपका तापला तर काळा, नाहीतर कागद पांढरा. मामाच्या मुलानं गायीच्या पोटावर जी गुलाबी छटा मारलीय तिचं हा प्रिंटर काय करणार? विरळ-दाट काळे ठिपके पेरणार, आणि गायीला लम्पी झाल्यासारखं दिसणार. पावतीवर ही गाय बघून माणसं आधी डॉक्टरला फोन करतील.

शिवाय रोल फुकट येत नाही. संस्थेचं नाव, तारीख, पाळी, खाते क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम एवढं सगळं त्या चिटोऱ्यावर बसवायचं असतं. त्यात लोगोला उंची दिली तर दिली १२ मिलिमीटर, म्हणजे ९६ ठिपके. ९६ बाय ९६ च्या चौकोनात जे ओळखू येईल तेवढंच चित्र तुमच्या हातात आहे. एका ठिपक्याची रेघ तिथं टिकत नाही. सगळ्यांत बारीक रेघ तीन-चार ठिपक्यांची धरा, आणि दोन रेघांमधली पांढरी फट त्याहून कमी ठेवू नका, नाहीतर ती भरून जाते. नमुने पडद्यावर बघून वाद घालणं आजपासून बंद करा. संस्थेतल्याच प्रिंटरवर, संस्थेतल्याच रोलवर छापा आणि दूध घालून निघालेल्या चार माणसांना विचारा, "हे कशाचं चित्र आहे?" आवडलं का, असं विचारू नका. आवडलंच म्हणतील, माणसं भली आहेत आपल्याकडची.

फोनची गत थोडी वेगळी. अँड्रॉइडवर ॲपचं चिन्ह एक फोन गोल कापतो, दुसरा गोलसर चौकोनी. म्हणून १०८ एककांच्या चौकटीत मुख्य चित्र मधल्या ६६ एककांत ठेवायचं, बाहेरचं जाणार असं धरूनच. गड आडवा पसरलेला, त्याचे दोन्हीकडचे बुरूज जातील. ब्राउझरच्या टॅबवर तर १६ बाय १६ पिक्सेलच मिळतात. पावतीवर जे नीट उमटलं ते या दोन्ही ठिकाणी बहुधा निभावून नेतं. पडद्यावर देखणं दिसलेलं पावतीवर निभावेलच याची मात्र खात्री नाही.

आता गाय. दुधाच्या पिशवीवर गाय, पेंडीच्या पोत्यावर गाय, संस्थेच्या भिंतीवर आधीच कुठल्यातरी संघाची गाय. त्या गर्दीत तुमची गाय तुमची म्हणून ओळखायची कशी? उलट दूध ज्या संघाला जातं त्याचंच हे सॉफ्टवेअर असा समज होईल, आणि संघाला तो आवडेलच असं नाही. शिवाय आपल्याकडे म्हशीवाले थोडे आहेत काय? म्हशीच्या दुधाला फॅट जास्त, दर जास्त, मालकाचा रुबाबही जास्त. ज्याच्या गोठ्यात चार मुऱ्हा उभ्या आहेत त्याच्या हातात रोज गायीची पावती देऊन काय मिळवणार?

लोगोनं काम सांगितलंच पाहिजे, हा हट्टही सोडा. लिनक्स या मोकळ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा पेंग्विन घ्या. टक्स त्याचं नाव, १९९६ मध्ये लॅरी ईविंग यांनी काढला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना पेंग्विन आवडायचे, त्यापलीकडे त्यात ऑपरेटिंग सिस्टीमचं काही नाही. पोस्टग्रेएसक्यूएलचा हत्ती डेटाबेसबद्दल अवाक्षर काढत नाही. गो या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी रेने फ्रेंच यांनी काढलेला गोफर, म्हणजे बिळात राहणारा घुशीसारखा प्राणी, नुसता डोळे मोठे करून बघत असतो. माणसं ती सॉफ्टवेअरं वापरत गेली आणि अर्थ मागून येऊन चिकटला. तुमचं बिल दहाव्या दिवशी पैशापर्यंत बरोबर निघालं तर लोगोवर वांगं असलं तरी चालेल.

महाराजांचं चित्र नको. यात भिण्याचा प्रश्न नाही, कायदाच तसा आहे. बोधचिन्हं आणि नावं यांचा गैरवापर रोखणारा १९५० चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापार-व्यवसायासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाही. सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून आज कुणी विचारणार नाही कदाचित, पण उद्या ट्रेडमार्क नोंदवायला गेलात की अर्ज तिथंच अडणार. त्याच परिशिष्टात राज्य सरकारांची बोधचिन्हंही येतात, त्यामुळे कुणी ईर्ष्येनं "मग गंडभेरुंड (कर्नाटकच्या बोधचिन्हातला दोन डोक्यांचा पक्षी) घालूया" म्हणालं तर त्यालाही हेच उत्तर. दोन्हीकडच्यांना एकाच कागदानं गप्प करता येईल असे प्रसंग आपल्या जिल्ह्यात क्वचित येतात, तेव्हा त्याचा फायदा घ्या.

नुसत्या गडाला या कायद्याची आडकाठी नाही. पण येळ्ळूरच्या माणसाला ती आकृती ओळखू येईल, हुक्केरीच्या नाहीतर चिकोडीच्या माणसाला ती कुठलीही टेकडी. मग त्यावर झेंडा लावल्याशिवाय चैन पडत नाही, आणि झेंडा आला की रंग आला. आपल्या भागात रंग म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, एका रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे आणि दुसऱ्या रस्त्यावर काळ्या फिती, हे लहानपणापासून बघत आलोय. सीमाप्रश्नावर माझं मत ठाम आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते दुधाच्या पावतीवर छापायचं मला कारण दिसत नाही. संस्थेच्या संचालकांनी तुमचा फॅटचा हिशेब बघायच्या आधी कोपऱ्यातला रंग बघून "हे त्यांचं आहे" असं म्हणावं, यात नुकसान दोन्ही भाषांच्या शेतकऱ्यांचं. भगवा नको, लाल-पिवळाही नको. हिरवा घ्या, निळा घ्या, कुणीतरी काहीतरी काढेलच. म्हणून लोगो आधी काळ्यात पुरा करा आणि रंग अगदी शेवटी ठरवा. माझं विचाराल तर गडद जांभळा. पांढऱ्यावर उठून दिसतो, आणि आपल्याकडच्या कुठल्या मोर्चात मी तो अजून पाहिलेला नाही.

याच कारणानं नावाचं पहिलं अक्षर चिन्हात गुंफू नका. देवनागरी अक्षर घातलं तर कन्नड सचिवाला ते परकं, कन्नड घातलं तर तुमच्या गल्लीत गहजब. चिन्ह वेगळं ठेवा, नाव त्याच्या शेजारी दोन्ही लिपींत, सारख्या उंचीचं आणि सारख्या जाडीचं. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्यांचा 'अनेक' हा फाँट देवनागरीत आहे तसाच कन्नडमध्येही आहे, एकाच हातानं काढल्यासारखा, आणि मोकळ्या परवान्याखाली फुकट मिळतो. फ्लेक्सच्या दुकानातले फाँट कुठून आले याची चौकशी तुम्ही करू नका, पण ते आपल्या लोगोत येऊही देऊ नका.

मतदान हा तुमच्या कामाला न शोभणारा मार्ग. फॅटचा दर काढायचं सूत्र तुम्ही मतदानानं ठरवलं होतं काय? चौघांत दोन-दोन झालं तर पाचवा माणूस आणून तीन-दोन होईल, आणि हरलेल्या दोघांना तो लोगो जन्मभर खुपत राहील. दोघांना अधिकार द्या: एक जो संस्थांत जाऊन सॉफ्टवेअर बसवतो, आणि एक जो पावतीचा कोड लिहितो. बाकीच्यांनी हरकत घ्यायची ती कारणासकट. "मला नाही आवडलं" हे कारण धरायचं नाही. "छापल्यावर कडी दिसत नाही" हे धरायचं.

स्पर्धेबद्दल मी साशंक आहे. लिनक्सच्या लोगोसाठी स्पर्धा झाल्या, टक्स त्यांतली एकही जिंकला नाही, आणि आज लोकांच्या लक्षात आहे तो टक्स. उलट उदाहरणही आहे, ते लपवत नाही. बीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचं शिंगंवालं, हातात त्रिशूळ घेतलेलं सैतानाचं पिल्लू प्रसिद्ध आहे, त्यावर धार्मिक आक्षेप येत असत. त्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीनं २००५ मध्ये स्पर्धा घेतली आणि लाल गोळ्याला दोन शिंगं एवढंच चित्र लोगो म्हणून घेतलं. पिल्लू शुभंकर म्हणून राहिलं. ते जमलं, कारण त्यांच्यामागे हजारो माणसं होती आणि काय नको ते आधी ठरलं होतं. तुम्ही पाच हजार लावाल तर इंटरनेटवरून उचललेली चित्रं येतील आणि ती कुणाची हे शोधण्यातच तुमचा पावसाळा जाईल.

एआयचंही तसंच. कल्पना सुचायला बसवा त्याला, चार वाटा दाखवेल. पण त्यानं दिलेलं चित्र जसंच्या तसं घेऊ नका. तसंच चित्र उद्या दुसऱ्या कुणाकडे निघालं तर तुम्ही कशाच्या जोरावर भांडणार?

त्यापेक्षा मामाच्या मुलाला पैसे द्या. स्पर्धेचे पाच हजार त्यालाच द्या. तो नको म्हणेल, "घरच्या घरी कसलं आलंय" म्हणेल, तरी द्या आणि कागद करा. हा कागद लोगोपेक्षा महत्त्वाचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. हक्क दुसऱ्याकडे द्यायचा तर तो लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनं द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात. वर्षभरात वापर केला नाही तर हक्क परतही जाऊ शकतो, तसं होणार नाही असं लिहिलेलं नसेल तर. तोंडी "घे की, तुझंच आहे" याला तिथं जागा नाही. पाच वर्षांनी मामाच्या घरात वाटण्या झाल्या, दुकान दुसऱ्याकडे गेलं, की तुमचा लोगो कुणाचा? म्हणून एका पानावर लिहा: कुठलं चित्र (छापून जोडा), कुठले हक्क, किती रक्कम, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी. खाली त्याची सही, तुमची सही, तारीख. आणि सॉफ्टवेअरच्या माहितीच्या पानावर त्याचं नाव चित्रकार म्हणून ठेवा, तो त्याचा मान आहे.

एक आडवा प्रश्न त्याला जरूर विचारा: किटली त्यानं स्वतः काढली की क्लिपआर्टच्या सीडीतून उचलली? गायीबद्दल मला दाट संशय आहे, ती गाय मी लग्नपत्रिकांवर वास्तुशांतीच्या मजकुराशेजारी बघितलीय. उचललेलं असेल तर त्याच्याकडेच हक्क नाही, मग तुम्हाला कुठून देणार? तसं असेल तर किटली नव्यानं काढायला सांगा. गावातली खरी किटली समोर ठेवून.

परवान्याचं एक. कोड जीपीएलखाली आहे म्हणजे लोगोचं सगळं आपोआप ठरलं असं समजू नका, लोगोचं वेगळं लिहावं लागतं. लिनक्सवरची डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टीम काढणारे आणि फायरफॉक्स ब्राउझर काढणारी मोझिला यांच्यात यावरूनच वाजलं होतं. फायरफॉक्सचा कोड मोकळा, पण लोगोवर बंधनं. डेबियनला ते चालेना, मोझिलाला लोगोशिवाय नाव वापरलेलं चालेना. शेवटी २००६ पासून डेबियनमध्ये तोच ब्राउझर आइसवीझल या नावानं आला, आणि २०१६ मध्ये पुन्हा फायरफॉक्स झाला. तुम्ही एवढं ताणू नका. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या सॉफ्टवेअरचा लोगो जेसन लाँग यांनी काढला, तो श्रेय देऊन कुणालाही वापरता येतो. तुम्हीही लोगोला तसाच क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना द्या. सोबत साध्या भाषेत लिहा की कोडमध्ये मोठा बदल करून कुणी वेगळं सॉफ्टवेअर काढलं तर त्यानं आपलं नाव आणि आपला लोगो लावावा. कुणीतरी दर काढायच्या सूत्रात हात घालणार, आणि शिव्या तुमच्या लोगोला बसणार, हे टाळण्यापुरतं हे वाक्य पुरे.

ट्रेडमार्क आत्ता लगेच नोंदवायची घाई नाही, पण आधीचा कुणी त्याच नावाचा, त्याच चित्राचा नाही ना, हे सरकारी संकेतस्थळावर आजच शोधा. शोध फुकट आहे. सॉफ्टवेअरचा वर्ग ९, दुधाचा २९, दोन्हींत बघा, कारण तुमचा लोगो लागणार दुधाच्या शेजारीच. पुढं नोंदवायचाच झाला तर व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. आपलं कार्यालय चेन्नईचं, मुंबईचं नव्हे. नोंदणी होईपर्यंत गोलातला आर (®, नोंदणीची खूण) लावू नका. दुर्लक्ष केलं तर काय होतं ते 'कोहा'वाल्यांना विचारा. ग्रंथालयांसाठीचं हे मोकळं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयानं सुरू केलं, आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत ते चालतं. एका अमेरिकी कंपनीनं त्याच नावाचा ट्रेडमार्क न्यूझीलंडमध्येच मागितला, २०११ मध्ये तो प्राथमिक पातळीवर मान्यही झाला. मूळ ग्रंथालयाला हरकत घेऊन लढावं लागलं, तेव्हा २०१३ मध्ये अर्ज फेटाळला गेला.

तर किटली घ्या. तिरकी आहे तशीच ठेवा, सरळ उभी केलीत तर ती कुठल्याही तयार चिन्हांच्या गठ्ठ्यातली वाटेल. आतली चमक आणि खालची सावली काढा, कडी दुप्पट जाड करा, झाकणाखालची फट वाढवा, बाजूचं पान उडवा. त्याच्याकडून कोरलच्या फाइलबरोबर एसव्हीजी (लहान-मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) घ्या, ती इंकस्केप या चित्रकामाच्या मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सगळं शाबूत आहे का बघा, अक्षरं असतील तर ती आकारांत बदलून घ्या. फोनसाठी ५१२ पिक्सेलची पीएनजी. आणि पावतीसाठी ९६ ठिपक्यांची निव्वळ काळी-पांढरी फाइल वेगळी, मोठी आपोआप लहान करून नव्हे, ठिपका ठिपका बघून हातानं नीट केलेली.

ही शेवटची फाइल कुठं घालायची, प्रिंटरला कुठल्या क्रमानं पाठवायची, हे तुमच्या बेंगळुरूच्या मित्राशिवाय कुणाला येत नाही, असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. त्याला ग्रुपवर परत घेण्याचे मेसेज टाकत बसू नका, फोन करा. आधी झेंड्यावरून जे बोलणं झालं त्याबद्दल ज्यानं बोललं त्यानंच दोन शब्द बोलावेत. मग किटलीची पावती दाखवा आणि रंग कुठला घ्यायचा ते त्याला विचारा. ठरवून कळवू नका, ठरवायच्या आधी विचारा. माझा जांभळा त्याला पसंत नसेल तर सोडून द्या.